जिन्ना आणि रत्ती: प्रेमकहाणी राहू द्या, लग्न लागलं कुठल्या कायद्याने?

माझगाव_डॉक (धागाकर्ता)

२० फेब्रुवारी आली की तो फॉरवर्ड प्रत्येक ग्रुपवर पडतोच. रत्ती पेटिटचा काळा-पांढरा फोटो, खाली गुलाब, त्याखाली 'कायद-ए-आझमची अधुरी प्रेमकहाणी'. जन्म २० फेब्रुवारी १९०० चा आणि मृत्यू २० फेब्रुवारी १९२९ चा, त्यामुळे फॉरवर्डवाल्यांची एकाच तारखेत दोन्ही कामं उरकतात. नवरा ४१ चा, नवरी १८ ची, दार्जिलिंग, बापाचा विरोध, ताजमधली खोली, कबरीपाशी रडणारे जिन्ना. झालं, संपला मजकूर.

मला त्यातली एक गोष्ट कायम खटकते आणि ती कुणी विचारत नाही. जिन्ना तेव्हा मुंबई हायकोर्टातले पहिल्या फळीचे बॅरिस्टर. कपडे, खाणंपिणं, बोलणं सगळं विलायती. रत्ती दुसऱ्या सर दिनशा पेटिटांची लेक, गिरणीमालकांचं घराणं, घरात इंग्रजी कवितांचा राबता. दोघांपैकी कुणीही देवाधर्माच्या मागे लागलेलं नव्हतं. मग १८ एप्रिल १९१८ ला तिने जामा मशिदीत जाऊन धर्म बदलला आणि १९ ला माउंट प्लेझंट रोडवरच्या बंगल्यात निकाह लागला, तो कशासाठी? सरळ रजिस्टर लग्न करून मोकळे का नाही झाले?

कारण तसं लग्न करायला कायदा होता, पण त्याची अट भयंकर होती. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली वधूवरांना लिहून द्यावं लागायचं की मी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाही धर्म मानत नाही. आता जिन्ना इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात (तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळात) बसायचे ते मुंबई इलाख्यातल्या मुसलमानांच्या राखीव जागेवर. 'मी मुसलमान नाही' अशी सही केली की त्या जागेवर पाणी सोडायचं. म्हणून धर्म तिने बदलायचा.

कहर म्हणजे १९१२ मध्ये भूपेंद्रनाथ बसूंनी हीच अट ढिली करणारं विधेयक कौन्सिलात आणलं, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्या मोजक्या सभासदांत जिन्ना होते. विधेयक बारगळलं. सहा वर्षांनी त्याच अटीत स्वतः अडकले.

माझं म्हणणं एवढंच आहे: या लग्नाकडे हळव्या नजरेने बघण्यापेक्षा कायद्याच्या अंगाने बघितलं तर माणूसही जास्त कळतो. मतं येऊ द्यात.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाकी ज्याने देशाचे दोन तुकडे केले त्याच्या लग्नाची एवढी आस्था कशाला? उद्या वाढदिवसाचा केकही कापा.

माझगाव_डॉक

@तिरकस, १९१८ चे जिन्ना म्हणजे १९४७ चे जिन्ना नव्हेत. ज्या १९१६ च्या उन्हाळ्यात ते दार्जिलिंगला पेटिटांचे पाहुणे होते, त्याच वर्षी त्यांनी हायकोर्टात टिळकांचा राजद्रोहाचा जामीनखटला लढवून जिंकला आणि वर्षअखेरीस काँग्रेस आणि मुस्लिम लीगचा लखनौ करार झाला. तेव्हा टिळकांच्या गायकवाड वाड्यात कुणी त्यांना शिव्या घालत नव्हतं.

काकू_शिवाजीपार्क

छान विषय. पण पहिल्या बायकोचं काय हो? फॉरवर्डमध्ये नाही आणि धाग्यातही नाही!

एमीबाई नाव तिचं. काठेवाडातल्या पानेली गावची, जिन्नांच्या मूळ गावातलीच. १८९२ मध्ये मुलगा विलायतेला निघाला तेव्हा आईने हट्ट धरला की आधी लग्न, मग बोट. तिकडे जाऊन मडमेशी लग्न लावून आला तर काय, ही भीती. आपल्याकडेही हेच चालायचं की. नवरा सोळाच्या आतबाहेरचा, नवरी त्याहून लहान. लग्न लागलं, मुलगा बोटीत बसला आणि तो परत येण्याआधीच ती वारली. आईसुद्धा त्याच काळात गेली. १८९६ ला माणूस परत आला तो मुंबईत वकिली करायला. एमीबाईचा एक फोटोसुद्धा कधी कुठे पाहिला नाही मी.

रत्तीच्या नावाने कविता होतात. त्या काठेवाडी पोरीच्या नावाने कुणी एक ओळ लिहीत नाही.

आणि सार्वजनिक एक नि घरात एक, हे फक्त जिन्नांचं आहे का? आपले न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेली, वडिलांपुढे काही चालेना आणि एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न लावून बसले. केवढी टीका झाली त्यांच्यावर. पण त्याच रमाबाईंना त्यांनी शिकवलं आणि पुढे त्या सेवासदन चालवू लागल्या. एका लग्नावरून माणूस निकालात काढता येत नाही, असं माझं मत.

वकीलीण_फोर्ट

धागाकर्त्याने कायद्याचा विषय काढलाच आहे तर त्याच्या आधीचा एक खटला सांगते. मला तर तो लग्नाहून जास्त रंगतदार वाटतो.

रत्तीच्या भावाचं पुढे आर. डी. टाटांच्या मुलीशी, सिल्लाशी, लग्न झालं. म्हणजे जेआरडींची बहीण ही रत्तीची वहिनी. या आर. डी. टाटांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच मुलीशी लग्न केलं. तिचं नवजोत (पारशी धर्मदीक्षा) झालं, नाव सूनी ठेवलं. पारशी समाजात गदारोळ: बाहेरची बाई नवजोत करून पारशी होते का? तिला अग्यारीत, डुंगरवाडीत (पारशांच्या अंत्यसंस्काराच्या जागेत) हक्क आहे का? प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. १९०८ मध्ये न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी निकाल दिला की बाहेरून आलेल्याला पारशी ट्रस्टच्या संस्थांवर हक्क नाही. पारशी बापाची मुलं मात्र पारशी.

या खटल्यात फिर्यादींतलं पहिलं नाव कुणाचं? सर दिनशा माणेकजी पेटिट. हो, तेच. रत्तीचे वडील. पारशी समाजाचं दार बाहेरून आलेल्यांना थोडं उघडं राहावं म्हणून लढणारी बाजू त्यांची होती. दहा वर्षांनी त्यांची स्वतःची मुलगी त्या दारातून बाहेर पडली तर यांनी जिन्नांविरुद्ध मनाई हुकूम आणला आणि लग्नानंतर तिच्याशी संबंध तोडले.

आणि न्या. दावर कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याच १९०८ च्या जुलैमध्ये त्यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. त्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून त्यांच्यापुढे उभे राहिलेले वकील जिन्ना. जामीन नाकारला गेला. मुंबई तेव्हा केवढीशी होती बघा, जो तो फिरून त्याच कोर्टात भेटतो.

गिरगावचा_भाडेकरू

वा! @वकीलीण_फोर्ट, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

तिरकस

सुनेला आत घेणं निराळं, मुलीला बाहेर सोडणं निराळं. तेव्हाही आणि आताही. यात पेटिट शेटने नवीन काय केलं?

आणि तो दार्जिलिंगचा किस्सा कुणी लिहिण्याआधी सांगून ठेवतो. 'भिन्नधर्मीय विवाहांबद्दल आपलं मत काय?' असं जिन्नांनी विचारलं, सर दिनशा म्हणाले फार उत्तम, देशाच्या ऐक्याला चांगलं. मग जिन्ना म्हणाले, तर तुमच्या मुलीचा हात द्या. हा किस्सा न्या. छगलांच्या आठवणींतून आला आहे. छगला जिन्नांचे ज्युनियर, पण ते वकिलीत आले लग्नानंतर. दार्जिलिंगच्या त्या दिवाणखान्यात ते नव्हते. ऐकीव गोष्ट आहे, चांगली रचलेली. वकिलाने सांगितली म्हणून साक्ष होत नाही.

वकीलीण_फोर्ट

मान्य. ऐकीव पुरावा. पण उलटतपासणीचं तंत्र अगदी जिन्नांना शोभेल असं आहे, म्हणून ती टिकली.

पक्कं एवढं की मुलगी सज्ञान होईपर्यंत दोघं थांबले. फेब्रुवारी १९१८ ला तिला अठरा पूर्ण झाली, एप्रिलमध्ये लग्न. जिन्ना तिच्या वडिलांपेक्षा तीनच वर्षांनी लहान होते. आज हे वाचून कपाळाला आठ्या पडतात आणि पडायलाच हव्यात. 'प्रेमाला वय नसतं' छापाच्या प्रतिसादांना माझ्याकडून आधीच उणे एक.

निकाहनाम्यातला तपशील बघण्यासारखा आहे. मेहेर १००१ रुपये, आणि शिवाय सव्वा लाखाची भेट. १९१८ चे सव्वा लाख! वकील माणूस, पोरीच्या नावावर काहीतरी पक्कं करून ठेवलं.

परळ_नाका

अवांतर: पेटिट म्हटलं की आम्हा परळकरांना एकच आठवतं, बैलघोडा हॉस्पिटल. पाटीवर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं नाव आहे, पण ते नाव घेऊन टॅक्सीवाल्याला सांगाल तर तो तुम्हाला केईएमला नेईल. साकरबाई म्हणजे पहिल्या सर दिनशांच्या पत्नी, म्हणजे रत्तीची पणजी. रत्तीलाही कुत्र्यामांजरांचं भलतं वेड होतं आणि शेवटच्या वर्षांत ती पांजरापोळातल्या जनावरांसाठी धावपळ करायची, असं वाचलंय. ते पणजीकडून आलं असेल.

आमचा मन्या तिथेच ॲडमिट होता गेल्या पावसाळ्यात. सकाळी आठला लायनीत उभं राहिलं तर बकऱ्या, पोपट, एक गाढव. बरा झाला. असो. चालू द्या.

गिरगावचा_भाडेकरू

एक दुरुस्ती, धाग्यात नाही पण त्या फॉरवर्डमध्ये. त्यात मलबार हिलच्या आजच्या जिन्ना हाउसचा फोटो टाकून 'इथे दोघांनी संसार केला' असं लिहिलेलं असतं. साफ चूक. जागा तीच, पण ज्या बंगल्यात रत्ती राहिली तो पाडला. आजची वास्तू १९३६ ची, क्लॉड बॅटली यांनी आखलेली, दोन लाख रुपये खर्च, इटालियन संगमरवर आणि अक्रोडाचं लाकूड. ती जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी-जिन्ना बोलणी झाली ती या नव्या घरात. रस्त्याला आता भाऊसाहेब हिरे मार्ग म्हणतात, 'वर्षा' तिथून हाकेच्या अंतरावर.

रत्तीचा माग काढायचा असेल तर फोर्टात टाउन हॉलच्या पायऱ्यांपाशी जा. डिसेंबर १९१८ ला गव्हर्नर विलिंग्डनच्या निरोपाचा ठराव उधळायला जिन्ना आत घुसले, तेव्हा ती बरोबर होती. लग्नाला आठच महिने झालेले. पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं. मग मुंबईकरांनी रुपया-रुपया वर्गणी काढून जिन्नांच्या नावाचा हॉल बांधला, लॅमिंग्टन रोडच्या बाजूला, काँग्रेस हाउसच्या आवारात. पी. जे. हॉल. पूर्ण नाव पीपल्स जिन्ना हॉल. माझे आजोबा तिथल्या सभांना जायचे आणि त्यातला 'जे' कुणाचा हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुढे लोकांनी सोयीस्करपणे आद्याक्षरंच ठेवली.

निवांत_बोरिवली

पण मग बिनसलं कुठे? माझ्या वाचनात, तिला नवरा मिळालाच नाही, पुढारी मिळाला. ती अठराची, त्याचं कोर्ट, कौन्सिल, लीग, दौरे. एकटेपणामुळे ती खचली आणि ती गेल्यावर तो कडवट झाला. तिथून पाकिस्तानची सुरुवात.

माझगाव_डॉक

@निवांत_बोरिवली, पहिल्या अर्ध्याशी सहमत, दुसऱ्याशी मुळीच नाही.

तारखा मांडून बघा. ऑगस्ट १९१९ ला लंडनमध्ये मुलगी झाली, दीना. डिसेंबर १९२० ला नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात जिन्नांनी गांधींच्या असहकाराला विरोध केला, सभेने त्यांची हुर्यो उडवली, ते काँग्रेसमधून बाहेर पडले. ज्या राजकारणावर या मुलीने माहेर सोडलं होतं ते राजकारणच दोन वर्षांत हातातून गेलं. पुढची वर्षं नवऱ्याची घुसमट आणि बायकोचं एकटेपण एकाच छताखाली. १९२८ च्या सुरुवातीला ती ताजमध्ये राहायला गेली. त्या वर्षी पॅरिसमध्ये ती गंभीर आजारी पडली तर हे धावत गेले, तिच्या उशाशी बसले. पण परतताना ती वेगळीच आली. ऑक्टोबरमध्ये मार्सेयहून तिने लिहिलेलं पत्र छापलेलं आहे. त्यात तक्रार नाही, प्रेम आहे, आणि आता पुरे असंही आहे. कुठल्याही फॉरवर्डपेक्षा ते वाचा.

डिसेंबर १९२८ ला कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत नेहरू रिपोर्टाला (राज्यघटनेच्या मसुद्याला) जिन्नांनी सुचवलेल्या दुरुस्त्या फेटाळल्या. फेब्रुवारीत ती गेली. मार्चमध्ये जिन्नांनी मुसलमानांच्या मागण्यांचे चौदा मुद्दे मांडले. या तीन तारखा शेजारी-शेजारी आहेत म्हणून 'बायको गेली आणि पाकिस्तान झालं' असं म्हणायचं? मग नेहरू रिपोर्ट, विभक्त मतदारसंघ, पंजाब-बंगालचं गणित हे सगळं काय झालं? त्या पोरीच्या माथी जिवंतपणी दोन्ही समाजांनी बरंच मारलं. आता फाळणीही नको.

तिची कबर आमच्या माझगावात आहे, खोजा शिया इस्ना अशरी जमातीच्या कब्रस्तानात, आरामबागेत. दफनाच्या वेळी जिन्नांना हुंदका फुटला हे मात्र छगलांनी लिहिलंय, आणि @तिरकस, हे ऐकीव नाही.

बहीण फातिमा हा आणखी एक धागा होईल. कलकत्त्याला दातांची डॉक्टरकी शिकली, १९२३ मध्ये मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना थाटला. रत्ती गेल्यावर दवाखाना बंद करून भावाचं घर सांभाळायला आली ती कायमची.

काकू_शिवाजीपार्क

बघा ना, तीन बायका. एक बोट सुटायच्या आधी लग्न लावून दिलेली, दुसरीने धर्म सोडला, तिसरीने दवाखाना. सोडायला लागलं ते प्रत्येक वेळी बाईलाच. आणि मुलगी उरलीच.

निवांत_बोरिवली

मुलीचं तर सगळ्यांना माहीत आहे. १९३८ मध्ये दीनाने नेव्हिल वाडियाशी लग्न केलं, मलबार हिलच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये. वाडिया जन्माने पारशी, धर्माने ख्रिस्ती. बाप म्हणाला, देशात एवढी मुसलमान मुलं असताना तुला हाच सापडला? मुलगी म्हणाली, तेव्हा एवढ्या मुसलमान मुली होत्या, तुम्ही माझ्या आईशी का केलंत? बापाने संबंध तोडले, विषय संपला.

तिरकस

हाही किस्सा छगलांचाच. त्यात जिन्नांचं उत्तरही आहे, ते तुम्ही गाळलंत: ती मुसलमान झाली होती.

वकीलीण_फोर्ट

'संबंध तोडले' वर थोडी हरकत. लग्न १९३८ चं. ३० मे १९३९ ला जिन्नांनी मृत्युपत्र केलं. त्यात दोन लाख रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजातून मुलीला हयातभर दरमहा हजार रुपये, अशी तजवीज आहे. घर फातिमाला. रागावलेल्या बापाचं मृत्युपत्र आहे, पण तोडून टाकलेल्या बापाचं नाही.

आता खरी कायद्याची मेख. जिन्ना खोजा. खोजे धर्माने मुसलमान, पण वारसाहक्काच्या बाबतीत मुंबईत त्यांना हिंदू रूढी लागू. १८४७ मध्ये सर अर्स्किन पेरींनी तसा निकाल दिला. तेव्हा कोर्टात गेलेल्या खोजा मुली म्हणत होत्या की आम्हाला कुराणाप्रमाणे वाटा द्या. हरल्या. १९३७ ला शरियत कायदा आला, तो मध्यवर्ती विधिमंडळात पुढे रेटणाऱ्यांत जिन्ना. पण त्यांच्याच दुरुस्तीमुळे मृत्युपत्र, दत्तक आणि मृत्युपत्राने दिलेल्या देणग्या या बाबी ऐच्छिक राहिल्या. ज्याने लेखी घोषणा केली त्यालाच त्या शरियतप्रमाणे लागू.

आणि २००७ मध्ये दीना वाडियांनी मुंबई हायकोर्टात अर्ज केला तो काय? की माझे वडील खोजा होते, त्यांना हिंदू रूढीचा वारसा कायदा लागू होतो, मी एकुलती एक मुलगी, जिन्ना हाउस माझं. सरकार म्हणतं, घर मृत्युपत्राने फातिमाचं, ती पाकिस्तानात गेली, म्हणून ते निर्वासितांची मालमत्ता. पाकिस्तानच्या संस्थापकाची मुलगी 'बाबांना हिंदू कायदा लावा' म्हणून उभी! २०१७ मध्ये त्या न्यूयॉर्कला वारल्या, पुढे मुलाने ती याचिका चालवायला घेतली. इतकी वर्षं त्या घराला कुलूपच.

तिरकस

हे मात्र भारी आहे. केक मागे घेतो.

परळ_नाका

ताई, एक खाजगी प्रश्न, पण इथेच विचारतो. भाचीचं ठरलंय, मुलगा केरळी ख्रिश्चन. दोन्ही घरचे राजी, धर्म कुणी बदलणार नाही. आता ते 'मी कुठलाच धर्म मानत नाही' वगैरे लिहून द्यावं लागतं का? आणि मेव्हणे म्हणतायत महिनाभर नाव बोर्डावर लागतं, ते टाळता येतं का?

वकीलीण_फोर्ट

अभिनंदन! नाही, ती अट गेली. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या आपापसांतल्या लग्नापुरती गेली. पण त्या सवलतीत पारशी-मुसलमान किंवा हिंदू-ख्रिस्ती जोडपी बसत नव्हती. त्यांना १९५४ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. आता दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करता येतं.

नोटीस टाळता येत नाही. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस लागते, हरकत आली नाही तर लग्न. हरकत कायद्यातल्या ठरावीक कारणांवरच घेता येते. मुलगी मामाला आवडली नाही, हे कारण त्यात बसत नाही. तीन साक्षीदार लागतील. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न उरकलं नाही तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं, तेव्हा हॉलची तारीख आधी बघा आणि मग नोटीस द्या.

हो, आणि हिंदू-ख्रिस्ती जोडप्याने या कायद्याखाली लग्न केलं की पुढे वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. घर कुणाच्या नावावर करायचं असेल तर मृत्युपत्र वेळेत करून ठेवायला सांगा. बाकी व्यक्तिगत निरोपात कळवते.